तूरडाळीचा भाव आणि साध्या फाईलमधली खतावणी

एक छोटंसं गणित घ्या. मेससाठी ५ जुलैला ५० किलो तूरडाळ आणली, किलोला १४० रुपये पडले. २० जुलैला पुन्हा ५० किलो आणली, तोवर भाव चढून किलोला १६० झाले होते. महिनाभरात ७० किलो डाळ शिजली आणि ३१ तारखेला पोत्यात ३० किलो उरली. प्रश्न असा की, जुलैच्या मेस बिलात डाळीचे किती रुपये धरायचे?

"सोप्पंय की!" असं म्हणून कॅल्क्युलेटर काढलात ना? मग शेजारच्या रूममध्ये जाऊन हाच प्रश्न विचारा. दोघांचं उत्तर सारखं येईलच असं नाही, आणि गंमत म्हणजे कदाचित दोघंही बरोबर असतील! हा लेख त्याच प्रश्नावर आहे. वस्तू विकत घेतली तेव्हाचा भाव नोंदवायचा कसा, आणि साध्या टेक्स्ट फाईलवर चालणारी हिशोबाची सॉफ्टवेअर्स त्यात आपल्याला कशी मदत करतात, ते पाहू. (मी कॉन्व्हेंटवाली. डेबिट-क्रेडिट मला आधी समजलं आणि जमा-नावे नंतर, ते सुद्धा मेस कमिटीत आल्यावर. तेव्हा भाषा जरा सरमिसळ असेल, चालवून घ्या.)

कीर्द, खतावणी आणि लेजर

जुन्या किराणा दुकानात दोन वह्या असायच्या. रोजचे व्यवहार तारखेप्रमाणे लिहायची ती कीर्द, आणि मग खात्यांप्रमाणे ते वेगळे करून मांडायचे ती खतावणी. खतावणी म्हणजेच इंग्रजीतलं लेजर. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, एकीकडून गेलं आणि दुसरीकडे आलं. इटलीतल्या लुका पाचोली या गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात ही पद्धत सविस्तर मांडली. पद्धत त्याच्या आधीपासून व्यापारी वापरत होतेच, त्याने ती छापून सगळ्यांपर्यंत पोहोचवली.

आता कॉम्प्युटरवर या. २००३ मध्ये जॉन विगली यांनी 'लेजर' नावाचा एक प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. त्यात कसल्याही खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. तुम्ही नोटपॅडसारख्या कुठल्याही एडिटरमध्ये कीर्द लिहायची, खतावणी प्रोग्रॅम करून देतो. पुढे त्याच कल्पनेवर सायमन मायकल यांचा 'एचलेजर' आला, तो हॅस्केल भाषेत लिहिलेला आहे. मार्टिन ब्लेस यांचा 'बीनकाऊंट' पायथॉनवाल्यांना जवळचा वाटेल. तिन्ही फुकट मिळतात, सोर्स कोडसकट. उबंटूवर तर एका ओळीच्या कमांडने एचलेजर बसतो. खालची उदाहरणं मी एचलेजरच्या पद्धतीने दिली आहेत.

पहिली नोंद

५ जुलैची खरेदी अशी लिहायची :

२०२४-०७-०५ किराणा खरेदी
    साठा:तूरडाळ      ५० "तूरडाळ" @ ₹१४०
    रोख:मेस

इथे मासिकात छापताना सगळं देवनागरीत घेतलं आहे. कॉम्प्युटरवर खात्यांची नावं मराठीत लिहिली तरी चालतात, पण आकडे मात्र इंग्रजीच टाईप करा, कारण देवनागरी अंक त्याला अंक वाटत नाहीत.

नोंद वाचायला सोपी आहे. साठ्यात ५० आले, एकाचा भाव १४०. दुसऱ्या ओळीत रक्कम लिहिलेलीच नाही. ती प्रोग्रॅम स्वतः काढतो, उणे ७००० रुपये, कारण दोन्ही बाजूंची बेरीज शून्यच व्हायला हवी. ते '@' चिन्ह ईमेलमधलं नाही बरं का! दुकानदार "अॅट द रेट" म्हणायचे ते हे. आपल्या सगळ्या विषयाचा जीव या एका चिन्हात आहे.

नव्या माणसाला इथे तीन खड्डे लागतात :

१) खात्याचं नाव आणि आकडा यांच्यामध्ये निदान दोन स्पेस हव्यात. एकच दिली तर आकडासुद्धा खात्याच्या नावाचाच भाग समजला जातो.

२) वस्तूचं नाव 'तूरडाळ' असं द्या, 'किलो' असं नको. '५० किलो' आणि तांदळाला '२०० किलो' असं लिहिलंत तर प्रोग्रॅमच्या दृष्टीने दोन्ही एकच वस्तू, आणि साठ्याची बेरीज २५० किलो! डाळ-तांदूळ एकत्र करायला खिचडीत हरकत नाही, हिशोबात आहे. किलो, लिटर, डझन हे एकदा फाईलच्या वरती कॉमेंटमध्ये लिहून ठेवायचं.

३) ₹७,००० असा स्वल्पविराम टाकू नका. एकटाच स्वल्पविराम दिसला आणि वेगळं काही सांगून ठेवलं नसेल, तर एचलेजर त्याला दशांश चिन्ह समजतो. म्हणजे सात हजाराचे झाले सात रुपये. साधे ७००० लिहा.

बिलावरचा भाव हा खरा भाव नव्हे

आता थोडं खोलात. ५ तारखेच्या बिलावर भाव १४० नव्हता, १३६ होता! ५० किलोचे ६८०० रुपये. मग १४० कुठून आले? कट्टे उचलायची हमाली ६० रुपये, टेम्पोचं भाडं १४० रुपये. एकूण खर्च ७०००, म्हणून किलोला १४०. डाळ मेसच्या स्टोअरमध्ये येऊन पडेपर्यंत लागलेला सगळा खर्च हीच तिची खरेदी किंमत. आपल्या देशातलं साठ्याच्या मूल्यांकनाचं लेखा-मानक क्रमांक २ सुद्धा हेच सांगतं. आणायचा खर्च मिळवा, व्यापाऱ्याने दिलेली सूट वजा करा.

पण प्रत्येक वेळी भागाकार करून भाव काढत बसायचं का? नाही. त्यासाठी दोन '@' आहेत :

२०२४-०७-०५ किराणा खरेदी
    साठा:तूरडाळ      ५० "तूरडाळ" @@ ₹७०००
    रोख:किराणा बिल      ₹-६८००
    रोख:हमाली      ₹-६०
    रोख:टेम्पो      ₹-१४०

एक '@' म्हणजे नगाचा भाव, दोन '@@' म्हणजे सगळ्या मालाची मिळून किंमत. दुसरी पद्धत मला जास्त आवडते. समजा बारदान वजा जाता काट्यावर ४९.५ किलोच भरले. ७००० भागिले ४९.५ केलं की १४१.४१४१... अशी शेपटी लागते. तुम्ही १४१.४१ लिहिलंत की पैसे जुळत नाहीत. @@ लिहिलं तर बिल आहे तसं उतरतं आणि भागाकाराची जबाबदारी प्रोग्रॅमची.

वापर लिहायचा कुठल्या भावाने?

इथे आपलं सुरुवातीचं गणित येतं. समजा २० तारखेच्या आधी ४० किलो शिजली आणि नंतर ३० किलो. एकूण खरेदी ७००० + ८००० = १५००० रुपये. आता चार पद्धती बघा :

फिफो (आधी आलेला माल आधी वापरला) : वापर १०२००, शिल्लक ४८००
चालती सरासरी (प्रत्येक नव्या खरेदीला सरासरी नव्याने काढायची) : वापर १०३००, शिल्लक ४७००
लिफो (शेवटी आलेला माल आधी वापरला) : वापर १०४००, शिल्लक ४६००
महिन्याची सरासरी (१५००० भागिले १०० किलो, म्हणजे १५०) : वापर १०५००, शिल्लक ४५००

चारही ओळींची बेरीज १५०००. डाळीचा एक दाणाही इकडचा तिकडे झालेला नाही, तरी खर्च चार प्रकारचा! यातली लिफो आपल्याकडे लेखा-मानकाला चालत नाही. आंतरराष्ट्रीय मानकातूनही ती २००३ च्या सुधारणेत काढून टाकली. अमेरिकेत मात्र अजून चालते. मेसला फिफो सगळ्यात जवळची, कारण प्रत्यक्षातही जुनं पोतं आधी फोडलं जातं. (निदान फोडलं जावं, नाहीतर किडे होतात!)

फिफोने २० तारखेनंतरचा वापर असा उतरतो :

२०२४-०७-३१ डाळ वापर
    खर्च:जेवण      ₹४६००
    साठा:तूरडाळ      -१० "तूरडाळ" @ ₹१४०
    साठा:तूरडाळ      -२० "तूरडाळ" @ ₹१६०

जुन्यातले उरलेले १० संपवले, मग नव्यातले २० घेतले. १४०० आणि ३२०० मिळून ४६००, आणि २० तारखेच्या आधीचे ४० किलो गुणिले १४० म्हणजे ५६००. झाले १०२००. बीनकाऊंटमध्ये खातं उघडतानाच 'फिफो' असं सांगून ठेवता येतं, मग जुना लॉट तो स्वतः शोधतो. हाताने लिहायचा एक फायदा मात्र आहे. कुठल्या पोत्यातली डाळ कधी संपली हे लिहिणाऱ्याला समजून घ्यावंच लागतं.

गायब झालेले ४०० रुपये

"एवढं कशाला? ३०० रुपयांचा तर फरक!" असं कोणी म्हणेल. मान्य. १०२०० आणि १०५०० मधला फरक ३०० रुपये. मेसमध्ये १२० जण असतील तर माणशी अडीच रुपये. एका कटिंग चहाचेही पैसे नाहीत. कुठलीही एक पद्धत धरा आणि वर्षभर तीच ठेवा, कोणाचं फारसं बिघडणार नाही.

बिघडतं कधी? दोन पद्धती नकळत मिसळल्या जातात तेव्हा. समजा स्टोअरच्या रजिस्टरमध्ये वापर लिहिणाऱ्याने जुनाच भाव धरला : ७० गुणिले १४०, म्हणजे ९८००. आणि महिनाअखेर साठा मोजणाऱ्याने नवा भाव धरला : ३० गुणिले १६०, म्हणजे ४८००. बेरीज १४६००. खरेदी तर १५००० ची! मग ४०० रुपये गेले कुठे?

या प्रश्नाचं कॉलेजातलं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. "स्टोअरवाल्याने खाल्ले."

आमच्या मेसमध्ये एका महिन्यात अगदी हेच घडलं. रक्कम याहून मोठी होती. स्टोअर सांभाळणारे काका कोपऱ्यात उभे होते, आणि मीटिंगमध्ये त्यांच्या पगारातून कापून घ्यायची भाषा सुरू होती. काका काहीच बोलत नव्हते. बोलणार काय? रजिस्टर आमच्याच पोरांनी भरलेलं, रुपयांची बेरीज आमच्याच कॅल्क्युलेटरवरची. तेवढ्यात फायनल इयरच्या एका ताईने विचारलं, "रुपये राहू देत, किलो किती कमी आहेत?" कोणालाच सांगता येईना, कारण रजिस्टरमध्ये महिनाअखेरीस फक्त रुपये होते. मग पोती काट्यावर चढवली आणि बिलांवरून किलो मोजले. एक किलोसुद्धा कमी नव्हता. तूट भावात होती, मालात नव्हती. कपात रद्द झाली. काका एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी आधी मोजा, मग बोला."

अडीच रुपयांसाठी मी हा लेख लिहिला नसता. माणशी अडीच रुपयांची चूक १२० जणांत विरून जाते. पण कागदावरची खोटी तूट एकाच माणसाच्या डोक्यावर येते, आणि तो माणूस बहुतेक वेळा हिशोब न लिहिणाराच असतो.

वर दाखवलेल्या पद्धतीत ही खोटी तूट निर्माणच होत नाही. साठ्याच्या खात्यात किलो आणि भाव दोन्ही एकत्र चालतात. नुसता 'बॅलन्स' मागितला की ३० तूरडाळ दिसते. तोच बॅलन्स खरेदी किमतीत मागितला (त्यासाठी कमांडपुढे इंग्रजी कॅपिटल बी लावायचा) की ४८०० रुपये दिसतात. ३० किलो आणि ४८०० रुपये या दोन्ही गोष्टी एकाच नोंदीतून निघतात, त्यामुळे त्यांचं भांडण होऊ शकत नाही.

मोजणीची ओळ

महिनाअखेर पोती मोजल्यावर एक ओळ टाकायची :

२०२४-०७-३१ प्रत्यक्ष मोजणी
    साठा:तूरडाळ      ० "तूरडाळ" = ३० "तूरडाळ"

'=' म्हणजे "इथे शिल्लक ३० असायलाच हवी". नसेल तर प्रोग्रॅम पुढे जायला नकार देतो आणि नेमकी ओळ दाखवतो. समजा काट्यावर २८ च भरले. मग ही तूट खरी, २ किलोची. ती 'खर्च:घट' या खात्यात १६० च्या भावाने ३२० रुपये म्हणून टाकायची आणि कारण शेजारी लिहायचं : किडली, सांडली, की माहीत नाही. 'माहीत नाही' हेही प्रामाणिक उत्तर आहे. आता चौकशी करायची तर २ किलोची करा, हवेतल्या रुपयांची नको.

आजचा भाव वेगळा ठेवा

३१ जुलैला बाजारात डाळ १६५ झाली असेल तर तोही भाव नोंदवता येतो :

पी २०२४-०७-३१ "तूरडाळ" ₹१६५

(हा 'पी' कॉम्प्युटरवर इंग्रजी कॅपिटल.) याने काहीच खरेदी झाली नाही. ही फक्त माहिती आहे. आता कॅपिटल व्ही लावून बॅलन्स मागितलात तर तोच ३० किलोचा साठा ४९५० रुपयांचा दिसेल. '@' सांगतो आपण काय मोजलं. तो इतिहास आहे, बदलत नाही. 'पी' सांगतो आज बाजारात काय चाललंय, उद्या तो बदलेल. पुढच्या महिन्याचं बजेट करताना 'पी' वापरा. मेस बिल मात्र '@' वरच काढा. मुलांनी भरलेल्या पैशातून जे खरंच गेलं तेच त्यांच्याकडून घ्यायचं, बाजार वर गेला म्हणून मेसने नफा दाखवायचा नाही.

एक्सेलमध्ये नेमकं इथेच घोळ होतो. बहुतेक ठिकाणी एक 'रेट शीट' असते आणि बाकीच्या शीट्स त्यातून भाव उचलतात. ऑगस्टमध्ये कोणी १४० चं १६० केलं की जुलैचा मिटलेला हिशोब गुपचूप बदलतो. भाव त्या त्या व्यवहाराच्या ओळीत लिहिलेला असेल तर असं होत नाही. शिवाय फाईल साधी टेक्स्ट, म्हणून ती 'गिट'मध्ये ठेवता येते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कोडसाठी लिहिलेलं हे साधन मेसच्या डाळीलाही तितकंच चालतं! कोणती ओळ कोणत्या तारखेला बदलली, आधी काय होतं, सगळं दिसतं. व्हाईटनरला इथे जागा नाही.

तोटे सुद्धा ऐका

ही पद्धत जादू नाही. स्टोअरमधून डाळ काढताना कोणी वजनच केलं नाही तर फाईल काय करणार? रोज संध्याकाळी पाच मिनिटं बसून लिहावं लागतं, आणि सबमिशनच्या आठवड्यात ती पाच मिनिटं कोणाकडेच नसतात. स्टोअरच्या काकांना काळ्या स्क्रीनपेक्षा वहीच बरी वाटते, आणि ते बरोबरच आहे. आम्ही वही बंद केलेली नाही. काका वहीत किलो लिहितात, आम्ही वहीवरून फाईलमध्ये उतरवतो आणि महिनाअखेर शिलकेचा कागद स्टोअरच्या दारावर लावतो, किलो आधी आणि रुपये नंतर. कोणीही यावं आणि पोत्यांशी ताडून बघावं.

घरचा अभ्यास

१) वरचंच उदाहरण घ्या. १५ ऑगस्टला आणखी २० किलो डाळ ३४०० रुपयांना (हमाली-टेम्पोसकट) आली. ऑगस्टमध्ये एकूण ४० किलो शिजली. फिफोने खर्च किती, शिल्लक किती?

२) शेंगदाणा तेलाचा १५ लिटरचा डबा २१०० रुपयांना आणि १५ किलोचा डबा २२५० रुपयांना मिळतोय. एक लिटर तेलाचं वजन साधारण ०.९१ किलो धरा. स्वस्त कुठला?

उत्तरं : १) खर्च ६५०० (३० किलो १६० ने, १० किलो १७० ने), शिल्लक १० किलो म्हणजे १७०० रुपये. २) पहिल्या डब्यात १३.६५ किलोच तेल, म्हणजे किलोला सुमारे १५४ रुपये, दुसऱ्यात १५० रुपये. महाग दिसणारा डबा स्वस्त! म्हणूनच तेलासाठी 'डबा' हे एकक फाईलमध्ये कधीच वापरू नका.

ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांनी मेसपासून सुरुवात नाही केली तरी चालेल. रूममधल्या चौघांचं दूध, चहा पावडर आणि मॅगी यांचा महिनाभराचा हिशोब ठेवून बघा. कोणी किती पाकिटं आणली, कितीला आणली आणि कोणी खाल्ली, एवढं '@' लावून लिहा. महिनाअखेरची भांडणं निम्मी कमी होतील. उरलेली निम्मी मॅगी खरंच कोणी खाल्ली यावरून होतील, त्यावर अजून सॉफ्टवेअर निघालेलं नाही!

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी